वाकड्या ट्रम्पेटचा उदार गुरू

१९५६ सालचा वसंत ऋतू. तुर्कस्तानची राजधानी अंकारा येथे अमेरिकी दूतावासाच्या पुढाकाराने एका बागेत मैफल योजण्यात आली होती. आत मुत्सद्दी, अधिकारी आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळी. बागेच्या भिंतीबाहेर मात्र रस्त्यावरच्या पोरांची गर्दी. एक मुलगा भिंत ओलांडून आत शिरला, तेव्हा रखवालदाराने त्याला उचलून पुन्हा बाहेर टाकले. पाहुण्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाने हे पाहिले आणि वाजवण्यास साफ नकार दिला. बाहेरच्या मुलांना आत घेतल्याखेरीज मैफल होणार नाही, असे त्याने यजमानांना बजावले. अखेर मुलांना आत घेण्यात आले आणि मगच मैफलीला रंग चढला.

या ट्रम्पेटवादकाचे नाव जॉन बर्क्स गिलेस्पी. जगाने त्यांना ‘डिझी’ या नावाने ओळखले. बेडकासारखे फुगणारे गाल, आकाशाकडे तोंड केलेले वाकडे ट्रम्पेट, डोक्यावर बेरे टोपी, हनुवटीवर इवलीशी दाढी आणि मंचावरची अखंड थट्टामस्करी, हे त्यांचे रूप छायाचित्रांमुळे घरोघरी पोहोचले. त्या विदूषकी मुखवट्याआड जाझ संगीताचा एक मोठा रचनाकार आणि त्याहूनही मोठा शिक्षक दडलेला होता. कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीवाचून त्यांनी दोन-तीन पिढ्या घडवल्या. आपल्याकडे गवई विद्या देताना हातचे राखून देत, अशा कथा पुष्कळ सांगितल्या जातात. डिझींची कथा नेमकी याच्या उलट आहे. जे गवसले ते त्यांनी वाटून टाकले. त्यांच्या आयुष्याचा अर्थ लावायचा तर या वाटण्याच्या वृत्तीपासूनच सुरुवात करावी लागते.

एका पट्टीत अडकलेला मुलगा

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील शेरॉ या लहानशा गावी २१ ऑक्टोबर १९१७ रोजी जॉनचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील जेम्स हे पेशाने गवंडी. सुटीच्या दिवशी ते गावातल्या बँडचे नेतृत्व करीत आणि बँडची वाद्ये त्यांच्याच घरी ठेवलेली असत. त्यामुळे चालता-बोलता येऊ लागले तेव्हापासूनच जॉनच्या हाताशी पियानो आणि इतर वाद्ये होती. वडील मात्र कमालीचे कडक होते. मुलांना ते वरचेवर मारीत. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि घरावर दारिद्र्याची छाया पडली. आई लॉटीने लोकांचे कपडे धुऊन संसार रेटला.

तो काळ वर्णभेदाचा होता. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या आणि त्यांच्या वाट्याला येणारी साधनेही तुटपुंजी. जॉनच्या शाळेत वाद्यांचा एक संच आला, तेव्हा मोठ्या मुलांनी आधी निवड केली आणि उरलेले ट्रॉम्बोन जॉनच्या पदरी पडले. त्याचे हात इतके आखूड होते की वाद्याची सरकती नळी पूर्ण लांबवणेही त्याला जमेना. शेजारच्या घरी एक ट्रम्पेट होते. ते उसने घेऊन त्याने फुंकायला सुरुवात केली आणि मग ते वाद्य त्याच्या हातून कधी सुटलेच नाही.

अॅलिस विल्सन या शिक्षिकेने या मुलातील गुण हेरले. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी त्या मुलांचा छोटा वाद्यवृंद बसवीत. त्यांचे स्वतःचे संगीतशिक्षण मात्र बेताचेच होते. त्या पियानोवर एकच पट्टी वाजवीत. आपल्या पेटीच्या भाषेत बोलायचे तर ती काळी पाच. साहजिकच जॉनही तेवढ्या एका पट्टीत तरबेज झाला आणि गावात आपल्यासारखा वादक नाही, असे त्याला वाटू लागले. एके दिवशी बाहेरगावी राहून आलेल्या एका पियानोवादकाने त्याची परीक्षा घेतली आणि गाणे सुरू केले ते पांढरी एकमध्ये. जॉनला एक स्वरही सापडेना. सर्वांसमोर झालेली ती फजिती त्याच्या जिव्हारी लागली. त्यानंतर त्याने पियानोसमोर बसून एकेक पट्टी, एकेक स्वरसंघ स्वतः शोधून काढण्याचा ध्यास घेतला. पुढे प्रत्येक तरुण वादकाला आधी पियानो शिकण्याचा त्यांनी जो आग्रह धरला, त्याचे मूळ या फजितीत आहे.

शेजाऱ्यांच्या रेडिओवर न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममधील टेडी हिल यांच्या वाद्यवृंदाचे प्रक्षेपण ऐकू येई. त्यात ट्रम्पेट वाजवणारे रॉय एल्ड्रिज हे जॉनचे दूरस्थ गुरू ठरले. १९३३ मध्ये त्याला उत्तर कॅरोलिनातील लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. शाळेच्या बँडला वादक हवे होते. तेथे त्याने शेतीचे शिक्षण घेतले, पण त्याहून अधिक वेळ ट्रम्पेट आणि पियानोला दिला. १९३५ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून तो फिलाडेल्फियाला स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबाकडे गेला.

‘डिझी’ हे नाव

फिलाडेल्फियात फ्रँक फेअरफॅक्स यांच्या बँडमध्ये त्याला काम मिळाले. कागदी पिशवीत ट्रम्पेट घालून येणारा, तालमीत माकडचेष्टा करणारा आणि ऐन वेळी भन्नाट काहीतरी वाजवून सर्वांना चकित करणारा हा पोरगा सहकाऱ्यांना चक्रमच वाटला. गरगरलेला, चक्रम या अर्थाचे ‘डिझी’ हे नाव त्याला चिकटले ते कायमचेच.

१९३७ मध्ये डिझी न्यूयॉर्कला आले आणि ज्या टेडी हिल यांचे संगीत त्यांनी बालपणी रेडिओवर ऐकले होते, त्यांच्याच वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली. तीही एकेकाळी एल्ड्रिज यांनी भूषवलेली. विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी पहिले ध्वनिमुद्रण केले आणि पॅरिस व लंडनचा दौराही केला. १९३९ मध्ये क्यूबाहून आलेले ट्रम्पेटवादक मारिओ बाउझा यांच्या खटपटीने ते कॅब कॅलोवे यांच्या नावाजलेल्या वाद्यवृंदात दाखल झाले. नोकरी चांगली, पगार उत्तम. १९४० मध्ये नर्तकी लॉरेन विलिस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार अखेरपर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे टिकला.

कॅलोवे यांना मात्र डिझींचे प्रयोग रुचत नव्हते. ठरलेल्या चाकोरीबाहेरचे ते स्वर त्यांच्या कानाला परके वाटत. १९४१ मध्ये हार्टफर्ड येथील कार्यक्रमात मंचावर कोणीतरी कागदाचा ओला बोळा फेकला. कॅलोवे यांनी डिझींवर आळ घेतला, शब्दाने शब्द वाढला आणि झटापटीत डिझींनी चाकू उगारला. कॅलोवे यांना किरकोळ जखम झाली आणि डिझींची नोकरी गेली. बोळा दुसऱ्याच वादकाने फेकला होता, हे पुढे उघड झाले. चाकूचे समर्थन कोणी करणार नाही. पण सुरक्षित नोकरीचा तो दरवाजा बंद झाला नसता, तर डिझी किती काळ दुसऱ्याच्या वाद्यवृंदातले एक वादक म्हणून राहिले असते, हा प्रश्न उरतोच.

मिंटन्समधील रात्री

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ११८व्या रस्त्यावर मिंटन्स प्लेहाऊस नावाचा एक क्लब होता. १९४० पासून त्याची व्यवस्था टेडी हिल यांच्याकडे होती. शहरातील नाचघरांतले काम आटोपून वादक रात्री उशिरा तेथे जमत आणि पहाटेपर्यंत वाजवत. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रमवर केनी क्लार्क ही तेथील नेहमीची जोडी. या बैठकांतून जे संगीत आकाराला आले, त्याला पुढे ‘बीबॉप’ हे नाव मिळाले.

बीबॉप म्हणजे नेमके काय? तोवर जाझ हे प्रामुख्याने नाचाचे संगीत होते. पंधरा-सोळा वादकांचा ताफा, लिहून दिलेली स्वररचना आणि अधूनमधून एखाद्या वादकाला मिळणारी थोडीशी मोकळीक, असा त्याचा साचा होता. डिझी आणि त्यांचे साथीदार यांनी ही मोकळीक केंद्रस्थानी आणली. गाणे परिचित असले तरी त्याखालची स्वरसंघांची साखळी बदलायची, मधे नवे स्वरसंघ पेरायचे, लय दुप्पट करायची आणि त्या वेगातही प्रत्येक स्वर अर्थपूर्ण ठेवायचा, अशी ही कसोटी होती. षड्जापासून तीव्र मध्यमाइतक्या अंतरावरचा, पूर्वी खटकणारा स्वर या मंडळींनी सन्मानाने वापरला. आपल्या मैफलीत तालाचे आवर्तन सांभाळत गवई जशी बढत करतो, तशी स्वरसंघांचे आवर्तन सांभाळत ही मंडळी बढत करू लागली. श्रोत्याने नाचणे थांबवून बसून ऐकावे, अशी अपेक्षा असलेले हे संगीत होते.

त्यात एक अर्थकारणही होते. स्वरसंघांच्या साखळीवर कोणाची मालकी नसे. मालकी हक्क सुरावटीवर असे. म्हणून जुन्या लोकप्रिय गाण्याची साखळी घेऊन तीवर नवी सुरावट बांधली, की ती वादकाची स्वतःची रचना ठरे. डिझींची ‘ग्रूविन हाय’ ही रचना ‘व्हिस्परिंग’ या जुन्या गाण्याच्या पायावर अशीच उभी आहे.

या शोधयात्रेत डिझींना जिवाभावाचा साथीदार मिळाला तो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या रूपाने. १९४० मध्ये कॅन्सस सिटीत दोघांची प्रथम भेट झाली. १९४३ मध्ये अर्ल हाइन्स यांच्या आणि १९४४ मध्ये बिली एक्स्टाइन यांच्या वाद्यवृंदात ते एकत्र होते. पार्कर यांच्याकडे अलौकिक उत्स्फूर्तता होती. डिझींकडे तितकीच प्रतिभा होती, शिवाय जे सुचले ते कागदावर मांडून इतरांना समजावून सांगण्याची हातोटी होती. पार्कर वाजवून जात आणि ऐकणारे थक्क होत. डिझी पियानोवर बसून ते कसे घडले हे उलगडून दाखवत. ड्रमवादकाला ठेका कसा तोडायचा, पियानोवादकाला स्वरसंघ कोठे ठेवायचा, हे ते स्वतः सांगत. एका पिढीच्या डोक्यात घोळणाऱ्या कल्पनांना शास्त्राचे रूप मिळाले, त्यात डिझींचा वाटा सिंहाचा आहे. विशेष म्हणजे स्वतः कोणाकडून काय घेतले हेही त्यांनी कधी लपवले नाही. मंक यांनी दाखवलेल्या एका स्वरसंघाचे ऋण ते आयुष्यभर मान्य करीत राहिले.

या घडणीचा फारसा पुरावा तबकड्यांवर उरलेला नाही. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १९४२ च्या ऑगस्टपासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि तो पूर्णपणे उठायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. त्यामुळे १९४५ मध्ये डिझी आणि पार्कर यांच्या ‘सॉल्ट पीनट्स’, ‘हॉट हाऊस’ यांसारख्या ध्वनिमुद्रिका आल्या, तेव्हा त्या ऐकणाऱ्यांना हे संगीत आभाळातून पडल्यासारखे वाटले. काहींनी ते डोक्यावर घेतले. काहींनी हा निव्वळ गोंगाट असल्याचा निवाडा दिला. त्याच वर्षी डिझी आपला पहिला मोठा वाद्यवृंद घेऊन दक्षिणेकडे गेले, तेव्हा नाचायला आलेल्या लोकांना त्यावर नाचता येईना आणि दौरा फसला. बीबॉपने जाझला प्रतिष्ठा दिली, पण त्याचबरोबर त्याचा मोठा श्रोतृवर्ग दुरावला, हा आक्षेप आजही घेतला जातो. डिझींना या दुराव्याची जाणीव होती. मंचावरची त्यांची विदूषकी ही काही अंशी त्या दुराव्यावर बांधलेली साकवच होती.

क्यूबाचा ताल

बाउझा यांच्या सहवासात डिझींना क्यूबाच्या तालांची गोडी लागली होती. १९४२ च्या सुमारास रचलेल्या ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या रचनेत तिची चाहूल लागते. १९४६ मध्ये त्यांनी पुन्हा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि १९४७ मध्ये बाउझा यांच्याच शिफारशीवरून हवानाचे तालवादक चानो पोझो यांना त्यात घेतले. पोझो यांना इंग्रजी येत नव्हते, संगीत लिहिता-वाचताही येत नव्हते. डिझींना स्पॅनिश येत नव्हते. संवाद होई तो ठेक्यातून आणि सुरावट तोंडाने म्हणून दाखवण्यातून. २९ सप्टेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये या संगमाचे पहिले मोठे दर्शन घडले आणि वर्षअखेरीस ‘मांटेका’ ध्वनिमुद्रित झाली. ठेक्याचे थर एकावर एक रचत नेण्याची कल्पना पोझो यांची; मधल्या भागाची सुरावट डिझींची. जाझ आणि क्यूबाचे संगीत यांचा हा विवाह पुढे लॅटिन जाझ या स्वतंत्र शाखेचा पाया ठरला.

पोझो यांना त्याची फळे चाखता आली नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये हार्लेममधील एका मद्यालयात त्यांची गोळी झाडून हत्या झाली. डिझींनी त्यांच्याकडून शिकलेले ठेके पुढे आपल्या असंख्य ड्रमवादकांना शिकवले. स्वतः कॉन्गा वाजवण्यातही ते वाकबगार झाले. संगीत वाचू न शकणाऱ्या माणसाला शिक्षक मानण्याची ही तयारी डिझींच्या स्वभावाची खूण होती.

मोठा वाद्यवृंद चालवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. १९५० मध्ये तो मोडावा लागला. त्याच्या शेवटच्या काळातील एक सॅक्सोफोनवादक म्हणजे जॉन कोल्ट्रेन. याच वाद्यवृंदातील पियानोवादक जॉन लुईस, व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सन आणि केनी क्लार्क यांच्या सहकार्यातून पुढे मॉडर्न जाझ क्वार्टेट हा प्रसिद्ध चमू जन्माला आला. डिझींचा वाद्यवृंद ही एक चालतीबोलती पाठशाळाच होती. फक्त तिचे शुल्क डिझी स्वतः भरत होते.

६ जानेवारीची रात्र

६ जानेवारी १९५३ रोजी मॅनहॅटनमधील एका क्लबमध्ये लॉरेनचा वाढदिवस साजरा होत होता. डिझी थोडा वेळ बाहेर गेले असताना दोन विनोदी नर्तकांची आपापसात ढकलाढकली झाली आणि त्यातला एक जण स्टँडवर ठेवलेल्या ट्रम्पेटवर कोसळला. वाद्याचा कर्णा वरच्या बाजूला वाकला. डिझींनी परत आल्यावर तशा अवस्थेतच ते वाजवून पाहिले. सूर समोरच्या माणसाच्या पोटात जाण्याऐवजी वर उठत होता आणि वाजवणाऱ्याच्या कानावर अधिक लवकर पडत होता. मंद सुरांतला तो फरक त्यांना आवडला. दुसरे कोणी संतापून वाद्य दुरुस्तीला दिले असते. डिझींनी कारखानदाराकडून मुद्दाम ४५ अंशांत वळवलेली ट्रम्पेट बनवून घेतली. अपघातातून जन्मलेले ते वाद्य पुढे त्यांची ओळखच बनले.

फुगणारे गाल ही मात्र त्यांनी कोणालाही शिकवण्यासारखी गोष्ट मानली नाही. ट्रम्पेट फुंकताना गाल आवळलेले हवेत, असे प्रत्येक शिक्षक सांगतो. डिझींना सुरुवातीला असा शिक्षक लाभलाच नव्हता. ती उणीव त्यांनी अतुलनीय दमसासाने भरून काढली.

त्याच वर्षी १५ मे रोजी कॅनडातील टोरांटो येथे मॅसी हॉलमध्ये डिझी, पार्कर, पियानोवादक बड पॉवेल, बासवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमवादक मॅक्स रोच एकत्र आले. ती मैफल ध्वनिमुद्रणामुळे अजरामर झाली. अमली पदार्थांच्या व्यसनाने पोखरलेल्या पार्कर यांचे १२ मार्च १९५५ रोजी अवघ्या चौतिसाव्या वर्षी निधन झाले. त्या काळात हेरॉइनने कित्येक तरुण वादकांचा घास घेतला. पार्कर यांच्यासारखे वाजवायचे तर त्यांच्यासारखे जगावे लागते, असा घातक समज पसरला होता. डिझी त्या विळख्यापासून दूर राहिले आणि आपल्या वागण्याने त्यांनी हा समज खोटा ठरवला. त्यांनी दिलेल्या धड्यांमध्ये हाही एक होता.

सरकारी राजदूत, स्वतंत्र बाणा

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची प्रतिमा उजळण्यासाठी जाझ वादकांना परदेशी पाठवावे, अशी सूचना काँग्रेस सदस्य अॅडम क्लेटन पॉवेल यांनी केली. त्यानुसार १९५६ च्या मार्चमध्ये डिझींचा वाद्यवृंद परराष्ट्र खात्याच्या खर्चाने निघाला. असा मान मिळालेले ते पहिले जाझ वादक. वाद्यवृंदाची जुळवाजुळव केली तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांच्या क्विन्सी जोन्स यांनी. त्यात कृष्णवर्णीय होते तसे श्वेतवर्णीयही होते. ट्रॉम्बोनवादक आणि संगीत संयोजक मेल्बा लिस्टन यांच्यासारखी स्त्री वादकही होती. पुरुषांची मक्तेदारी असलेल्या त्या जगात हे अपवादात्मक होते.

इराणमधील अबादान, ढाका, कराची, बैरूत, दमास्कस, अंकारा, इस्तंबूल, बेलग्रेड, अथेन्स असा हा प्रवास झाला. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात आफ्रिकी ढोलांपासून आधुनिक जाझपर्यंतचा इतिहास वाजवून दाखवला जाई. मैफलीलाही डिझींनी पाठाचे रूप दिले होते. अथेन्समध्ये ते पोहोचले, तेव्हा सायप्रसच्या प्रश्नावरून अमेरिकेविरुद्ध संताप उसळला होता आणि विद्यार्थ्यांनी अमेरिकी माहिती केंद्रावर दगडफेक केली होती. त्याच विद्यार्थ्यांनी मैफलीनंतर डिझींना खांद्यावर उचलून रस्त्यातून मिरवले.

अमेरिकेतील वर्णभेदावर पांघरूण घालण्याचे काम मात्र त्यांनी केले नाही. दौऱ्यापूर्वीच्या सरकारी उपदेशवर्गाला जाण्याचे त्यांनी टाळले. देशात कृष्णवर्णीयांना काय सोसावे लागते हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. विचारणाऱ्याला ते खरे तेच सांगत. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेचाही दौरा झाला. ब्युनॉस आयर्समध्ये भेटलेला लालो शिफ्रिन हा तरुण पियानोवादक पुढे त्यांच्या चमूत आला आणि नावाजलेला चित्रपट संगीतकार झाला. या दौऱ्यांच्या खर्चावरून काँग्रेसमध्ये टीका झाली आणि १९५८ च्या प्रारंभी तो वाद्यवृंदही विसर्जित झाला.

१९६४ मध्ये डिझींनी चक्क अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली. व्हाइट हाऊसचे नाव बदलून ‘ब्लूज हाऊस’ करण्याचे त्यांचे आश्वासन ऐकून लोक पोट धरून हसले. प्रचाराच्या बिल्ल्यांतून जमणारा पैसा मात्र नागरी हक्कांच्या चळवळीला गेला.

वर्गाविना शिक्षक

१९५७ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स येथे जाझचे पद्धतशीर शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्या अध्यापकवर्गात डिझी होते. पण त्यांचा खरा वर्ग भरे तो हॉटेलच्या खोलीत, मंचामागे, बसप्रवासात. इलिनॉयहून न्यूयॉर्कला आलेल्या मायल्स डेव्हिस यांना त्यांनी पियानो शिकण्याचा सल्ला दिला आणि स्वरसंघांची रचना समजावून दिली. एकोणीस वर्षांचे बासवादक रे ब्राऊन शहरात पाऊल ठेवताच त्यांच्या चमूत आले. ली मॉर्गन अठराव्या वर्षी त्यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवत होते आणि ‘अ नाइट इन ट्युनिशिया’मधील स्वतःची मानाची जागा डिझी या पोराला देत. जॉन फॅडिस हा किशोर त्यांच्या ध्वनिमुद्रिका तोंडपाठ करून भेटायला आला, तेव्हा त्यांनी त्याला मंचावर घेतले आणि पुढे मुलासारखे सांभाळले. वरच्या सप्तकात फॅडिस गुरूच्याही पुढे गेला, याचे डिझींना कौतुकच वाटे.

१९६८ मध्ये त्यांनी बहाई पंथाचा स्वीकार केला. मानवजात एक आहे, ही त्या पंथाची शिकवण त्यांच्या संगीताला जुळणारी होती. १९७७ मध्ये ते क्यूबाला गेले. हवानात त्यांना मोटारीतून फिरवणारा तरुण स्वतः ट्रम्पेट वाजवतो, हे त्यांना संध्याकाळी त्याला मंचावर पाहिले तेव्हाच कळले. तो होता आर्तुरो सँडोव्हल. पुढे १९८८ मध्ये डिझींनी उत्तर व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतील वादकांना एकत्र आणून ‘युनायटेड नेशन ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. त्यात सँडोव्हल होते. १९९० मध्ये याच वाद्यवृंदाच्या युरोप दौऱ्यात सँडोव्हल यांनी क्यूबाचा त्याग केला, तेव्हा डिझी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

मानसन्मान आले ते उशिराने, पण भरभरून. १९७८ मध्ये व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांच्यासोबत ‘सॉल्ट पीनट्स’ हे दोन शब्द गाऊन धमाल उडवली. वर्णभेदी दक्षिणेत जन्मलेला गवंड्याचा मुलगा आणि त्याच दक्षिणेतील जॉर्जियाचा शेंगदाणे पिकवणारा अध्यक्ष यांचे ते सहगान पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहिले. १९७९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये राष्ट्रीय कला पदक आणि १९९० मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान त्यांना लाभला.

शेवटचा पाठ

१९९२ च्या जानेवारीत पंचाहत्तरीच्या वर्षाची सुरुवात डिझींनी न्यूयॉर्कच्या ब्लू नोट क्लबमध्ये महिनाभर वाजवून केली. जुने-नवे सहकारी आणि शिष्य रोज रात्री त्यांच्या शेजारी उभे राहत. त्यानंतर थोड्याच काळात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. नोव्हेंबरमध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांच्या गौरवार्थ मैफल झाली, पण ते उपस्थित राहू शकले नाहीत. ६ जानेवारी १९९३ रोजी न्यू जर्सीतील एंगलवूड येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ट्रम्पेट वाकले त्या रात्रीला त्या दिवशी बरोबर चाळीस वर्षे पूर्ण होत होती आणि लॉरेनचा पुन्हा एकदा वाढदिवस होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फ्लशिंग दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. लुई आर्मस्ट्राँग यांची समाधीही तेथेच आहे.

मृत्युशय्येवर असताना डिझींनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे एक मागणे मागितले. आपल्याजवळ उपचारांचे साधन आहे, पण ज्यांच्याजवळ विमा नाही, पैसा नाही, अशा वादकांचे काय, ही चिंता त्यांना होती. अमेरिकेत जाझ वादकाचे जिणे बहुधा रोजंदारीचे असते. निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची तरतूद नाही. डॉक्टरांनी शब्द दिला. डिझींच्या नावे निधी उभा राहिला आणि त्याच रुग्णालयात, जाझ फाउंडेशन ऑफ अमेरिका या संस्थेच्या सहकार्याने, गरजू वादकांवर विनामूल्य उपचार होऊ लागले. ज्यांची नावे ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर बारीक अक्षरांत छापली गेली, असे कितीतरी वृद्ध साथीदार त्यामुळे वाचले.

शेरॉमध्ये आज डिझींचा पुतळा उभा आहे, कर्णा आकाशाकडे वळलेला. जगभरच्या संगीत विद्यालयांत त्यांच्या रचना अभ्यासक्रमात आहेत आणि एकेकाळी गोंगाट म्हणून हिणवलेले त्यांचे स्वरसंघ नवशिके विद्यार्थी घोकत असतात. एकाच पट्टीच्या ज्ञानावर फजित झालेल्या मुलाने उरलेल्या अकरा पट्ट्या स्वतः शोधल्या आणि त्या भिंतीबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी खुल्या केल्या. अंकारातील त्या बागेचे दार जसे त्यांनी उघडायला लावले, अगदी तसेच.